तिखट आहे, घ्या की!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीचे दिवस. आपण कुणाच्या तरी घरी फराळाला गेलेलो असतो. ताटली पुढे येते आणि कुणीतरी आठवण करून देतं, ‘‘अहो, यांना डायबेटिस आहे!’’ यजमानीणबाई लगबगीनं लाडू आणि करंजी उचलतात, त्या जागी आणखी दोन चकल्या आणि मूठभर शेव ठेवतात. ‘‘हे तिखट आहे, घ्या की! याला काही होत नाही.’’ पाहुणेही सुटकेचा नि:श्वास टाकतात. गोड टाळलं, पथ्य पाळलं, यजमानांचा मानही राखला.

माझ्याकडे येणाऱ्या मधुमेही मंडळींपैकी निम्म्यांचा तरी हाच हिशेब असतो. ‘‘डॉक्टर, मी गोडाला हातसुद्धा लावत नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. तरी साखर का वाढते?’’ मग हळूहळू चौकशी केली की कळतं, चहा बिनसाखरेचा आहे खरा, पण त्याच्याबरोबर रोज संध्याकाळी पाच वाजता काहीतरी ‘चटकमटक’ असतं. कधी फरसाण, कधी भजी, कधी कोपऱ्यावरचा वडापाव. ते मोजणीतच धरलेलं नसतं, कारण ते गोड नाही.

तेव्हा सुरुवात इथूनच करू. जिभेला गोड लागणं आणि रक्तातली साखर वाढणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बटाटा, मैदा, तांदळाचं पीठ, पोहे, साबुदाणा हे सगळे पिष्टमय पदार्थ. पिष्ट म्हणजे ग्लुकोजचीच लांबलचक साखळी. आतड्यात ती साखळी तुटते आणि उरतं ते ग्लुकोज. मीठमिरची घातली म्हणून त्या साखळीत काही फरक पडत नाही.

आता वडापावचं उदाहरण घेऊ. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सांगतात. गिरणीतून सुटलेल्या किंवा गाडी पकडायला धावणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या पोटभर मिळावं, ही त्यामागची सोय. ती सोय उत्तमच होती. पण त्यात काय काय आहे पाहा. मैद्याचा पाव, आत बटाटा, बाहेर बेसनाचं आवरण. तिन्ही मिळून सुमारे चाळीस ग्रॅम कर्बोदकं होतात, म्हणजे साधारण दोन पोळ्यांइतकी. शिवाय तेल. सगळं मिळून तीनशेच्या आसपास उष्मांक. आणि आपण वडापावला जेवण म्हणत नाही! दोन पोळ्या खाल्ल्या असत्या तर रात्रीच्या दोन कमी केल्या असत्या. वडापाव मात्र ‘मधलं खाणं’, तो जेवणाच्या हिशेबात येत नाही. रात्री साडेनऊला पुन्हा पोळी, भाजी, भात सगळं आहेच.

यातली गंमत म्हणजे निम्म्याहून अधिक पिष्ट पावात असतं. नुसता वडा खाल्ला तर तो एका पोळीच्या जवळपास जातो. म्हणजे ज्याला वडा सोडवत नाही त्यानं पाव सोडावा. हे मी सांगतो तेव्हा लोक माझ्याकडे संशयानं पाहतात. डॉक्टरनं वडा खा म्हणावं हे त्यांना पटत नाही. त्यांची समजूत अशी, की तळलेलं तेवढं वाईट आणि पाव म्हणजे निरुपद्रवी, आजाऱ्यालासुद्धा देतात. साखरेच्या बाबतीत हे जवळजवळ उलटं आहे.

मग तळण्यानं काय बिघडतं? इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे येतात. हिशेबी माणूस. घरी ग्लुकोमीटर घेतलाय, वहीत नोंदी ठेवतात. एके दिवशी विजयी मुद्रेनं आले. म्हणाले, ‘‘डॉक्टर, मी प्रयोग केला. वरण-भात खाल्ल्यावर दोन तासांनी साखर २१० आली. आणि दोन वडापाव खाल्ल्यावर दोन तासांनी फक्त १६२. आता बोला!’’ वही खरी होती, आकडेही खरे होते. मी त्यांना एवढंच विचारलं, ‘‘चार-साडेचार तासांनी किती होती?’’ ते काही त्यांनी पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी पाहिलं. २३८ निघाली.

याचं कारण असं. तेल-तूप पोटात गेलं की जठर सावकाश रिकामं होतं. अन्न पुढे आतड्यात सरकायला वेळ लागतो, म्हणून साखर लगेच उसळत नाही. दोन तासांची तपासणी त्यामुळे छान येते. पण पिष्ट कुठे गेलेलं नसतं, ते रांगेत उभं असतं. तीन, चार, कधी पाच तासांनी ते रक्तात उतरतं, आणि बराच वेळ उतरत राहतं. शिवाय भरपूर स्निग्ध खाल्ल्यावर पुढचे काही तास इन्सुलिनचा प्रभावही थोडा मंदावतो. म्हणजे उशिरा आलेली साखर खाली यायलाही उशीर. संध्याकाळी सहाला खाल्लेला वडापाव रात्री दहाला वर येतो, त्यात साडेनऊच्या जेवणाची भर. सकाळी उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसते तेव्हा माणूस म्हणतो, ‘‘रात्री तर मी दोनच पोळ्या खाल्ल्या होत्या!’’

ज्यांना जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं त्यांना हे फार जपायला हवं. सुई टोचली, भजी खाल्ली. इन्सुलिन लवकर कामाला लागलं, साखर अजून पोटातच. पहिल्या दीड-दोन तासांत साखर खाली जाऊन घाम फुटतो आणि मध्यरात्री तीच साखर आकाशाला भिडते. दोन्ही एकाच बशीचे परिणाम.

‘ग्लायसेमिक इंडेक्स’ हा शब्द हल्ली वर्तमानपत्रांतून बराच वाचायला मिळतो. अमुक पदार्थाचा कमी, म्हणून तो चांगला, असं समीकरण होऊन बसलंय. या मोजणीत बटाट्याच्या वेफर्सचा आकडा उकडलेल्या बटाट्यापेक्षा कमी येतो. म्हणून काय उकडलेला बटाटा सोडून वेफर्स खायचे? तो आकडा पहिल्या दोन तासांचा असतो. तेलामुळे तो खाली येतो, पण तेल अंगाला लागायचं राहत नाही.

आणि तेलाचं वजन लहान नाही. एक ग्रॅम पिष्टात चार उष्मांक, एक ग्रॅम तेलात नऊ. एक चहाचा चमचा तेल म्हणजे चाळीसेक उष्मांक. हा साठा जातो कुठे? बऱ्याच जणांच्या बाबतीत पोटावर आणि यकृतात. यकृतात मेद साठला की इन्सुलिनला दाद न देण्याची वृत्ती वाढते, हेच तर टाइप टू मधुमेहाचं मूळ. यावर ‘‘पण मी कुठे जाडा आहे?’’ असं विचारणारे बरेच असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटंसं, मोठं मजेदार टिपण छापलं होतं. दोघांचा शेजारी शेजारी फोटो. उंचीच्या प्रमाणात वजन काढलं तर दोघांचा आकडा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर बारीक दिसणारा आपला माणूस आतून तसा नसतो, हे एका फोटोत सांगून झालं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनं देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर सांगितली. त्यात असे बारीक अंगाचे कितीतरी असतील. मधुमेहात हृदयविकाराचा धोका आधीच सुमारे दुप्पट असतो. त्यामुळे आपल्याला तेलाकडे साखरेइतकंच लक्ष द्यावं लागतं.

आता स्वयंपाकघरात जाऊ. तळताना पदार्थ तेल ‘पितो’ असं आपण म्हणतो. कधी पितो? बहुतेकांना वाटतं, कढईत असताना. खरं म्हणजे कढईत असताना पदार्थातल्या पाण्याची वाफ जोरात बाहेर येत असते, ते बुडबुडे म्हणजे तीच वाफ. वाफ बाहेर ढकलत असेपर्यंत तेलाला आत शिरायला फारशी जागा नसते. पदार्थ बाहेर काढला, निवायला लागला, की आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत ओढून घेते. म्हणजे बरंचसं तेल ताटात आल्यावर आत जातं! म्हणून झाऱ्यावर घेऊन कढईवरच नीट निथळणं आणि गरम असतानाच कागदावर टाकून टिपून घेणं याला अर्थ आहे. निवल्यावर कागदानं पुसून काही उपयोग नाही. (कागद कोरा घ्यावा. छापील वर्तमानपत्राची शाई पोटात जाते. हे भाषण ज्या कागदावर छापून येईल, तोही भज्यांखाली घालू नये ही विनंती.)

तेल पुरेसं तापलेलं नसेल तर पदार्थ जास्त वेळ आत राहतो, वाफेचा जोर कमी पडतो आणि भजी तेलकट होतात, हे आपल्या आज्यांना थर्मामीटरशिवाय ठाऊक होतं. पिठाचा थेंब टाकून तो लगेच वर येतो का पाहायचा. कढईत एकदम खूप भजी सोडली की तेल थंड पडतं, म्हणून घाणा लहान असावा. पिठात सोडा जास्त झाला की भजी जाळीदार होतात आणि तेवढंच तेल धरतात. पदार्थ जितका पातळ तितकं तेल जास्त, वेफर्सच्या वजनाचा तिसरा हिस्सा तेलच असतं. जाडसर वडा त्या मानानं सज्जन.

एकदा तापवलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरण्याची गोष्ट मात्र वेगळी आणि गंभीर आहे. तेल वारंवार तापलं की त्याचं विघटन होऊन ‘पोलर’ नावाची संयुगं साठत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. गाडीवर हे कोण मोजणार, हा प्रश्न रास्त आहे. पण डोळे आणि नाक आपल्यापाशी आहेत. तेल काळपट, दाटसर झालं असेल, वर फेस राहत असेल, कमी आचेवर धूर निघत असेल, तर तिथून पुढे चालावं. बऱ्याच ठिकाणी कालच्या तेलातच आजचं नवं ओततात. घरीसुद्धा आपण तळलेलं तेल गाळून बरणीत ठेवतो. ते एकदोनदा फोडणीला लवकर संपवावं, पुढच्या महिन्याच्या तळणासाठी राखू नये.

मग कोणतं तेल? हा प्रश्न मला प्रत्येक भाषणानंतर येतोच. घाण्याचं घ्यावं का, करडईचं घ्यावं का, शेंगदाण्याचं? घ्या आपापल्या चवीनं आणि ऐपतीनं, अधूनमधून बदला. पण उष्मांक सगळ्यांत तेवढेच. लाकडी घाण्याचं तेल महाग असतं म्हणून ते कमी वापरलं जातं, हा त्याचा मोठा गुण! आणि पुडीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलं पाहून हुरळू नका. कुठल्याच वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतं. ते लिहिणं म्हणजे पाण्याच्या बाटलीवर ‘साखरविरहित’ लिहिण्यासारखं आहे. ‘डाएट चिवडा’, ‘बेक्ड शेव’ यांचंही तेच. भाजलेलं असलं तरी पोहे ते पोहेच. हल्ली घरोघरी आलेला एअर फ्रायर तेल वाचवतो, हे खरं. बटाट्यातलं पिष्ट तो वाचवत नाही.

काही पदार्थांबद्दल जरा वेगळं सांगायला हवं. पहिला साबुदाणा. उपासाचा म्हणून त्याला एक सात्त्विक वलय आहे. प्रत्यक्षात तो टॅपिओकाच्या कंदाचं जवळजवळ शुद्ध पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं नाममात्र, चोथा नाही. त्यात बटाटा मिसळून तळायचा, वर गोड दही. दोन साबुदाणेवडे म्हणजे दोन पोळ्यांच्या पुढेच गेलो. दाण्याचं कूट थोडी लाज राखतं. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येणाऱ्या वह्यांमध्ये आकडे चढलेले असतात, ते उपासाचे. उपास करायचाच असेल तर गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं हे आधी डॉक्टरांना विचारा, आणि वऱ्याच्या भाकरीबरोबर काकडीची कोशिंबीर, ताक, मूठभर दाणे असं काही खा.

उलट बेसनाचे आणि डाळींचे पदार्थ त्यातल्या त्यात बरे. हरभऱ्याच्या डाळीचं पिष्ट सावकाश पचतं, सोबत प्रथिनं असतात. म्हणून बटाटाभजीपेक्षा कांदाभजी, कांदाभजीपेक्षा मेथीची किंवा ओव्याच्या पानांची भजी. कोथिंबीरवडी, अळूवडी हे तर आपल्याकडचे शहाणे पदार्थ. आधी उकडायचे आणि मग हवं तर तळायचे. तव्यावर दोन चमचे तेलात परतले तरी त्यांचं काही बिघडत नाही. बटाटेवडे आप्पेपात्रात करता येतात. तळलेल्याची सर येत नाही, हे मी कबूल करतो. जोडीला चिंच-गुळाची चटणी मात्र नको. लोक वडा मोजतात, चटणी मोजत नाहीत, आणि गूळ साखरेचाच सख्खा भाऊ आहे. फराळात पातळ पोह्यांचा, भाजून फोडणी दिलेला चिवडा जाड पोहे तळून केलेल्या चिवड्यापेक्षा कितीतरी हलका. चकलीच्या भाजणीत डाळी असतात पण तांदूळही भरपूर असतात. दोन चकल्या अदमासे एका पोळीइतक्या धराव्यात. शंकरपाळ्यांत मैदा, साखर आणि मोहन अशी तिन्ही संकटं एकत्र असतात. त्या तिखटमिठाच्या केल्या तर साखरेचं तेवढं टळतं.

आता एक अगदी महत्त्वाची गोष्ट. साखर उतरते तेव्हाची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना जेवायला उशीर झाला की कधी कधी घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तातली साखर ७० च्या खाली गेल्याची ही खूण. माझ्या ओळखीच्या एका बाईंना बसस्थानकावर असं झालं. समोर गरम समोसे होते. ‘काहीतरी खाल्लं पाहिजे’ म्हणून त्यांनी समोसा खाल्ला आणि दहा मिनिटांनी त्या बाकावरून खाली पडल्या. समोशात पिष्ट होतं, पण ते तेलात बांधलेलं होतं, वेळेवर रक्तात पोचलंच नाही. अशा वेळी वडा, समोसा, चॉकलेट, बिस्किट काही नको. तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात विरघळवून घ्यायची, पंधरा मिनिटांनी साखर तपासायची, सुधारणा नसेल तर पुन्हा घ्यायची. साखर वर आली की मग जेवायचं. त्यातही एक पोटनियम आहे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी ज्यांना चालू आहे त्यांना घरातली साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती गोळी साखर फोडण्याचं कामच रोखून धरते. त्यांनी ग्लुकोजच जवळ बाळगावं. आपल्या गोळीत हे औषध आहे का, हे औषधाच्या पाकिटावर वाचून किंवा औषधविक्रेत्याला विचारून ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एम्समध्ये समोसा-जिलबीतल्या तेल-साखरेचे फलक लागणार, अशी बातमी आली आणि मोठा गदारोळ झाला. समोशावर आता सिगारेटसारखा इशारा छापणार, अशी हाकाटी उठली. मग सरकारनं खुलासा केला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर असलं काही छापायचं नाही, कचेऱ्यांमधून लपलेल्या तेल-साखरेची जाणीव करून देणारे फलक लावा एवढीच सूचना होती. मला त्या गदारोळाचं नवल वाटलं नाही. आपण वड्याला नाव ठेवू देत नाही!

मीही पूर्वी सरसकट ‘तळकट बंद’ असं कागदावर लिहून देत असे. त्याचा परिणाम एवढाच झाला की लोक खात राहिले आणि मला सांगेनासे झाले. नवरा कोपऱ्यावर खाऊन येतो, बायको शर्टाचा वास घेते, घरात भांडणं. एकदा तर एक आजोबा तपासणीच्या आधी तीन दिवस उपाशीच राहिले, माझ्या धाकानं. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीत ते उघडं पडलं, पण त्यात शरम त्यांची नव्हती. त्यानंतर मी पद्धत बदलली. आता विचारतो, तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं? एकच सांगा. ते आठवड्यातून एकदा, ठरवून, ताजं, बसून खा. तो दिवस वहीत लिहा. त्या दिवशी रात्रीच्या जेवणातून तेवढ्या पोळ्या किंवा भात वजा करा, पण गोळी-इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण सबंध गाळायचं नाही. आधी वाटीभर कोशिंबीर खा. खाऊन झालं की अर्धा तास पायी फिरून या. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी त्यांना जास्तीचं इन्सुलिनही लागत नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी, दोन तासांनी आणि चार तासांनी अशी तीनदा साखर पाहा. बाकीच्या संध्याकाळी पाच वाजता पोट खरंच मागत असेल तर फुटाणे, उकडलेल्या शेंगा, मोड आलेली मटकी, ताक. ज्यांचं मूत्रपिंड किंवा हृदय आधीच दुखावलं आहे, त्यांनी मात्र हे माझ्या भरवशावर करू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं.

ते एसटीवाले गृहस्थ परवा येऊन गेले. रविवारी एक वडा, पावाशिवाय, लसणाची कोरडी चटणी आणि तळलेली मिरची, असा त्यांचा तह झाला आहे. चार तासांचा आकडा १७१. वही माझ्यापुढे सरकवत म्हणाले, ‘‘मिरची दोन घेतल्या तर चालतील ना?’’